मुंबईच्या खिडकीतलं सॅलड: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी बोरिवलीत तिसऱ्या मजल्यावर राहते. पूर्वेची एक गॅलरी आणि दक्षिणेच्या खिडकीचं बाहेर काढलेलं ग्रिल, एवढंच माझं शेत. दिवाळी जवळ आली की ओळखीपाळखीच्यांचे तेच ते प्रश्न सुरू होतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. ज्यांच्याकडे गच्ची आहे त्यांनी हे वाचताना आमच्याकडे जरा दयेने बघावं.

मुंबईच्या हवेत लेट्यूस येतं का हो?

येतं, पण पाहुण्यासारखं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी गुण्यागोविंदाने राहतं, आणि होळीनंतरही थांब म्हणून आग्रह केलात तर तोंड कडू करून जातं. ते मुळात थंड हवेचं पीक, १५ ते २० अंशांत खूश असतं. आपल्याकडे जानेवारीच्या पहाटे पारा १६-१७ पर्यंत उतरतो, दुपारी मात्र तिशीच्या पुढे. रात्रीच्या तेवढ्या गारव्यावर त्याचं भागतं. फेब्रुवारी संपता संपता पूर्वेकडचा कोरडा वारा सुटतो, समुद्राचा वारा दुपारी उशिरा यायला लागतो आणि एखाद्या दिवशी अचानक ३६-३७ अंश होतात. लेट्यूसचा मुक्काम तिथे संपला.

आइसबर्गच्या नादी मात्र लागू नका. त्याचा गड्डा बांधायला अडीच महिने सलग गारवा लागतो, तो आपल्याकडे नाही. सुट्या पानांचे प्रकार घ्या: लॉलो रोसो, ओकलीफ, किंवा उभ्या पानांचं रोमेन. रोमेन उन्हाला त्यातल्या त्यात चिवट.

मग पेरायचं नेमकं कधी?

दसऱ्याला बी आणून ठेवा, पण पेरू नका. ऑक्टोबरची काहिली जाऊ द्या. पहिली पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, मग दर पंधरा दिवसांनी एक एक चिमूट, आणि शेवटची संक्रांतीच्या आत. कोवळी पानं महिन्याभरात खुडता येतात, पुरतं रोप ४५ ते ५० दिवसांत तयार होतं. संक्रांतीला पेरलेलं फेब्रुवारीअखेर ताटात येतं, त्यानंतरचं येतच नाही.

आख्खं पाकीट एका दिवसात पेरणं ही सगळ्यांची पहिली चूक. माझीही. लेट्यूसचं बी इतकं हलकं असतं की १ ग्रॅममध्ये ८०० च्या वर दाणे भरतात. मी पाकीट फोडून एका ट्रेमध्ये उधळलं. आठ दिवसांनी हिरवीगार लव बघून घरभर फोटो दाखवत फिरले, आणि तिसऱ्या आठवड्यात सगळी रोपं एकमेकांत गुदमरून पिवळी पडली. हातात आलं ते कोशिंबिरीवर भुरभुरण्यापुरतं.

बी उगवतच नाही. दुकानदाराने फसवलं असेल का?

बहुतेक वेळा बी खरं असतं, हवा खोटी असते. मातीचं तापमान २७-२८ अंशांच्या वर गेलं की लेट्यूसचं बी जिवंत असूनही झोपून राहतं. त्याला उठवायचा रस्ता फ्रिजमधून जातो. टिश्यू पेपर ओला करून पिळा, त्यावर बी पसरा, घडी घालून झाकणाच्या डबीत ठेवा आणि डबी दोन दिवस फ्रिजच्या खालच्या कप्प्यात राहू द्या. फ्रीझरमध्ये नव्हे. घरात सगळ्यांना सांगून ठेवा. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी ‘कुणी ओला कागद डबीत भरून ठेवलाय’ म्हणत एक आख्खा हंगाम केरात टाकला होता.

दोन दिवसांनी, शक्यतो संध्याकाळी, ते बी मातीवर ठेवा, म्हणजे पहिली रात्र तरी गारव्यात जाते. आणि ‘वर’ ठेवा म्हणजे वरच. लेट्यूसच्या बऱ्याच वाणांना उगवायला उजेड लागतो. धण्यांसारखं बोटभर खोल पुरलंत तर गेलं. मातीवर भुरभुरायचं, तळव्याने हलकेच दाबायचं, वर कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) नावाला धूळ, आणि पाणी स्प्रेने. मगने ओतलंत की सगळं बी कुंडीच्या एका कोपऱ्यात जाऊन बसतं.

तिसरं कारण, जुनं बी. आपल्या पावसाळ्यात उघड्या पाकिटातलं बी आतल्या आत मरतं. पाकिटं घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत तांदळाची एक पुरचुंडी, आणि डबा फ्रिजमध्ये.

आमची खिडकी अमुक दिशेला आहे. चालेल का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि उत्तर ऋतूवर आहे. मुंबई १९ अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, आणि त्याच्या दोन्ही टोकांना एकेक दिवस आपली सावली पायाखाली नाहीशी होते. हिवाळ्यात उलट. डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेला बराच खाली कलतो आणि ऊन तिरपं घरात शिरतं.

म्हणून लेट्यूसच्या हंगामात दक्षिणेची खिडकी म्हणजे लॉटरी. माझ्या ग्रिलमध्ये डिसेंबरात सकाळी नऊपासून दुपारी तीनपर्यंत ऊन असतं, आणि त्याच ग्रिलमध्ये जूनमध्ये चक्क सावली. पूर्वेची गॅलरीही छान, सकाळचं चार तास ऊन लेट्यूसला पुरतं. पश्चिमेला दुपारनंतरचं ऊन झोंबतं, तिथे जुनी पांढरी ओढणी आडवी बांधा. उत्तरेची खिडकी हिवाळ्यात कोरडी जाते. तिथे लेट्यूसचा हट्ट सोडा आणि खाली अळिवाचा प्रश्न आहे, तो वाचा.

समोर नवा टॉवर उभा राहिला असेल तर हे सगळं ज्ञान फुकट. एक दिवस घरी राहून दर तासाला ऊन कुठे आहे ते बघा, दुसरा उपाय नाही.

कुंडी केवढी, माती कसली?

मुळं उथळ असतात. सहा इंच खोली पुरे, पण भांडं पसरट हवं. दोन रोपांत वीतभर अंतर. कोवळी पानंच खुडायची असतील तर दाट चालतं. मासळीबाजारातलं थर्माकोलचं खोकं फुकट मिळतं, हलकं असतं आणि मुळं गार ठेवतं. फक्त तीनदा धुतलं तरी आठवडाभर मांजरं येऊन चौकशी करतात.

नर्सरीतली लाल माती एकटी वापरू नका, दोन महिन्यांत कुंडीत वीट तयार होते. एक भाग लाल माती, एक भाग कोकोपीट, एक भाग गांडूळखत, वर मूठभर निंबोळी पेंड. ६५० ग्रॅमची कोकोपीटची वीट भिजली की ८-९ लिटर होते, तेव्हा बादली मोठी घ्या. भिजवलेलं पहिलं पाणी पिळून फेकून द्या, त्यात क्षार असतात.

ग्रिलमध्ये कुंड्या ठेवल्या तर सोसायटी काही म्हणेल का?

म्हणेल, आणि बऱ्याचदा तिचं बरोबर असतं. ओली माती जड असते आणि जुन्या इमारतींची ग्रिलं गंजलेली असतात. ग्रिलमध्ये कोकोपीट जास्त, माती कमी असं मिश्रण वापरा. बाहेरच्या कठड्यावर, आधाराशिवाय, कुंडी कधीच नको. खाली माणसं चालतात. गच्चीवर लावायचं असेल तर आधी कमिटीची लेखी परवानगी घ्या आणि कुंड्या विटांवर उचलून ठेवा, म्हणजे खालचं वॉटरप्रूफिंग दिसत राहतं.

खरं भांडण मात्र पाण्यावरून होतं. एका मार्चमध्ये माझ्या कुंडीतलं तांबडं पाणी दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या कुरडयांवर ठिबकलं. काकू काही बोलल्या नाहीत. त्या वर्षी आमच्याकडे कुरडया आल्या नाहीत, बस. तेव्हापासून कुंडीखाली ताटली असते आणि पाणी सकाळी सातच्या आत घातलं जातं, कुणाचे कपडे वाळत नसताना.

पण ताटलीत पाणी साचू द्यायचं नाही. डेंग्यूचा एडिस डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवा डास उडतो. पाणी घातल्यावर अर्ध्या तासाने ताटली रिकामी करा, आठवड्यातून एकदा घासा. पालिकेची माणसं तपासायला येतात ती उगीच नाही.

पानं कडू लागतात. देठ मोडलं की पांढरा चीक येतो. विषारी नाही ना?

नाही. चीक लेट्यूसचा स्वभावच आहे, ते शेवंती आणि सूर्यफुलाच्या कुळातलं. उष्मा वाढला, दिवस मोठा झाला किंवा पाण्याची आबाळ झाली की रोप फुलायच्या तयारीला लागतं, मधला दांडा वर सरकतो आणि चिकाबरोबर कडूपणा पानांत उतरतो. दांडा दिसला की पानं त्याच दिवशी काढा. किंचित कडू असतील तर तासभर गार पाण्यात ठेवा, थोडा फरक पडतो. फार कडू असतील तर सोडून द्या.

पानं नेहमी पहाटे खुडा. तेव्हा ती ताठ आणि कुरकुरीत असतात. दुपारची लेट्यूसची पानं हातात घेतली की पाच पंचावन्नच्या विरार लोकलमधून उतरलेल्या माणसासारखी दिसतात. बाहेरची पानं घ्यायची, मधला कोंब ठेवायचा. एक रोप असं चार-पाच वेळा देतं.

कबुतरं!

हो. जाळी. दुसरं काही नाही. चमकत्या सीड्या, प्लॅस्टिकचं घुबड, सगळं करून झालं. घुबडावर कबूतर बसलेलं मी स्वतः बघितलंय. ही पानं आपण न शिजवता खाणार, त्यामुळे प्रश्न रोप कुरतडण्यापुरता नाही, विष्ठेचा आहे. विष्ठा पडलेलं पान धुऊन खाऊ नका, टाकून द्या.

मावा आलाय. काय फवारू?

आधी पाणी. पान उलटं करून स्प्रेच्या जोरदार धारेने मावा पाडा, तीन दिवस रोज. निम्मं काम होतं. निंबोळी तेल चांगलं, लिटरभर पाण्यात चमचाभर आणि साबणाचे दोन थेंब, पण त्याचा वास आणि कडूपणा पानाला राहतो. म्हणून रोप लहान असतानाच वापरा, खुडायच्या आधी आठ-दहा दिवस बंद. पानावर पांढऱ्या नागमोडी रेघा दिसल्या तर नागअळी. पान तोडून टाका, फवारून ती मरत नाही कारण ती पानाच्या पापुद्र्याआड असते. पावसाळ्यातल्या गोगलगाई रात्री बॅटरी घेऊन वेचाव्या लागतात. मीठ मातीत टाकू नका, गोगलगाईबरोबर रोपही जाईल.

घरी शेणाची स्लरी करतो, ती घालू का?

टोमॅटो-वांग्याला खुशाल घाला. कच्च्या खायच्या पानांना ताजं शेण, गोमूत्र, स्लरी, काही नको. ताज्या शेणातले जंतू पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर पानावर येतात. पूर्ण कुजलेलं, मातीसारखा वास येणारं खतच वापरा. ओल्या कचऱ्याचं घरचं खत उत्तम. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर तिथल्याच कचऱ्यावर बाग फुलवली गेली, ते बघून इथल्या कितीजणांनी घरात पहिली खताची बादली ठेवली. फक्त अर्धवट कुजलेलं घालायची घाई करू नका.

पानं वाहत्या पिण्याच्या पाण्याखाली एकेक करून धुवा. मिठाच्या पाण्याने अळ्या सुटतात, पण जंतूही मरतात असं समजू नका.

रॉकेट की अरुगुला, ते जमेल का?

लेट्यूसपेक्षा सोपं. तीन-चार दिवसांत उगवतं, महिन्याभरात खाता येतं, चव मुळ्याच्या पाल्यासारखी झणझणीत. राजस्थानात तेलबी म्हणून पिकतो तो तारामिरा हाच. परदेशी वाटून घाबरायचं कारण नाही.

उन्हाळ्यात काय? लेट्यूस गेल्यावर ट्रे रिकामे पडतात.

इथे माझं खरं म्हणणं सुरू होतं. आपण चार महिन्यांच्या पाहुण्यासाठी एवढा जीव टाकतो आणि घरच्या पानांना सॅलड म्हणायला लाजतो.

अळीव घ्या. डिंकाच्या लाडवांच्या डब्याशेजारी असतात तेच, बाळंतिणीचे. भिजवू नका, भिजवलेत की बुळबुळीत गोळा होतो आणि पसरता येत नाहीत. मिठाईच्या प्लॅस्टिकच्या डब्याला खाली भोकं पाडा, दोन बोटं ओलं कोकोपीट भरा आणि वर कोरडे अळीव शिंपडा. दहा मिनिटांत प्रत्येक दाण्याभोवती साबुदाण्यासारखा पारदर्शक थर चढतो. दुसऱ्या दिवशी त्यातून पांढरं शेपूट बाहेर येतं, चौथ्या दिवशी तीन-तीन फाट्यांची इवलीशी पानं, आठव्या दिवशी बोटभर उंचीचं हिरवं रान. कात्रीने कापायचं. चव मोहरीसारखी नाकात जाणारी. मे महिन्यातही येतं, उत्तरेच्या खिडकीत येतं, ओट्याच्या कडेलाही येतं. इंग्रज हेच क्रेस म्हणून सँडविचमध्ये घालतात.

दुसरी समुद्रमेथी. मंडईत वाळूसकट मुळांच्या चिमुकल्या जुड्या मिळतात ना, ती. मायक्रोग्रीन म्हणून आता डबीत महाग विकतात ते आपण कधीपासूनच खातोय. मेथीदाणे रात्रभर भिजवा, ट्रेमध्ये दाट पेरा, वर माती-वाळूचा पातळ थर. दहा-बारा दिवसांत कापणी. कोवळी असताना कडूपणा अगदी कमी असतो.

त्याखेरीज पुदिना, कांद्याची पात (कोंब आलेला कांदा मातीत खोचा, बस), आणि घोळ. घोळ तर कुंडीत आपोआप उगवते आणि लोक तण म्हणून उपटतात. आंबटसर, रसरशीत, मूठभर कच्ची छान लागते. उगवलेली रोपं नीट ओळखता येत नसतील तर खाऊ नका. तिच्यासारखीच दिसणारी, पण चीक येणारी दुधी (भोपळा नव्हे, एक तण) जमिनीसरपट वाढते. घोळीला पांढरा चीक नसतो.

आणि पावसाळ्यात?

११ जूनच्या आगेमागे पाऊस येतो, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यानंतर जातो. सांताक्रूझला एकट्या जुलैत ८०० मिलिमीटरहून जास्त पडतो. त्या माऱ्यात नाजूक पान टिकत नाही, रोपं बुडख्याशी काळी पडून कोलमडतात. कोथिंबिरीचाही हट्ट नको. मायाळूचा वेल ग्रिलवर चढवा, अंबाडी लावा, तिची कोवळी आंबट पानं चिरून कांद्याबरोबर कच्ची खाता येतात. पानओवा भज्यांसाठी असू द्या. अळीव आणि मेथी आतल्या बाजूला चालू ठेवा, पाणी निम्मं करा.

घरची आहेत म्हणून सगळी पानं कच्ची चालतील?

अजिबात नाही. अळू कच्चं नको, घसा धरतो. शेवळं ही पावसाळी रानभाजी तर काकडं (तिच्यात घालतात ती आंबट रानफळं) घालून शिजवल्याशिवाय शिवायचीच नाही. दोन्हींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. पालक आणि घोळ यांतही ऑक्झलेट असतं. मुतखड्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारा.

हायड्रोपोनिक्स, म्हणजे मातीशिवाय नुसत्या खतपाण्यावर?

चांगलं आहे. वीज गेली, पंप बंद पडला आणि तुम्ही ऑफिसात असलात की समजतं. मी मातीतच बरी.

एवढं करून परवडतं का?

पहिल्या वर्षी नाही. ट्रे, कोकोपीट, जाळी धरली तर ते जगातलं सगळ्यात महाग लेट्यूस ठरतं. दुसऱ्या वर्षापासून खर्च बियांचा आणि खताचा. आठ रोपांत आम्हा तिघांना हंगामात आठवड्याला दोन वाडगे मिळतात, त्याहून जास्त नाही. अळिवाचा हिशेब वेगळा, चमचाभर बियांत डबाभर पानं.

घरात कुणाला ‘सॅलड’ आवडत नाही. काय करू?

मग घोळाणा करा. खानदेश-मराठवाड्यात मेथीचा, करडईच्या कोवळ्या पानांचा करतात. पानं बारीक चिरून त्यात कांदा, मीठ, लाल तिखट, भरपूर दाण्याचं कूट आणि कच्चं तेल. हाताने कालवायचं आणि गरम भाकरीबरोबर लगेच खायचं. लेट्यूस आणि अळिवाचाही तसाच होतो. ‘ड्रेसिंग’ म्हटल्यावर नाक मुरडणारे आमचे सासरे दोनदा मागून घेतात. त्यात लेट्यूस आहे हे आम्ही अजून त्यांना सांगितलेलं नाही.

पुढच्या वर्षीचं बी घरी धरता येईल का?

येईल. फेब्रुवारीत दांडा आलेल्या रोपांतलं एक, सगळ्यात उशिरा दांडा टाकणारं, ठेवून द्या. आधी दांडा आला त्याचं बी धरलंत तर पुढची पिढीही घाईची निघते. लहान पिवळी फुलं येतील. लेट्यूसचं परागण आपल्या आपण होतं, मधमाश्यांची वाट बघावी लागत नाही. फुलानंतर दोन-तीन आठवड्यांत बोंडांवर पांढरा कापूस दिसला की कागदी पिशवीत झटका. संकरित वाणाचं असेल तर पुढे रूप बदलू शकतं, साध्या वाणाचं तसंच येतं. दोन दिवस सावलीत वाळवून डबीत भरा, डबी फ्रिजमध्ये, आणि झाकणावर ठळक अक्षरांत वर्ष आणि ‘टाकू नये’ असं लिहा.